कवतिकेची तिसरी हाक

आधी या विहिरीचा कठडा नीट बघा, बाकीचं मग. हात लावून बघा, काही होत नाही. या बाजूच्या विटा चपट्या, तांबड्या, पक्क्या भाजलेल्या. इथं आलात की एकदम जाड आणि मातकट. तिथं पलीकडे तर नुसते कच्च्या मातीचे गोळे, त्यावर मागाहून चुना फासलेला. मोजल्यात तर अकरा तऱ्हेच्या विटा निघतील. गवंडी शुद्धीत नव्हता का हो, असं मागं एका साहेबांनी मला विचारलं होतं. गवंडी चांगला शुद्धीत होता. शुद्ध हरपली होती आमच्या या पेठेची, निंबपुऱ्याची, आणि ती परत यायला काय लागलं, त्याच्या या विटा आहेत.

बसा इथं सावलीत. तुमच्या हातातला तो पाहणीचा कागद मघाशी पाहिला मी. बागेला भिंत आहे का, दिवे किती, पहारेकरी किती, कॅमेरे किती, संध्याकाळी बायका एकट्या येतात का. चांगलं आहे, विचारायलाच पाहिजे. पण आमच्या या निंबांच्या राईपुढं तुमचे सगळे रकाने कोरे राहणार. भिंत नाही, फाटक नाही, पहारेकरी नाही. दिवा एक आहे, तो महिन्यातून चार दिवस लागतो. आणि तरी भर दुपारी, चिटपाखरू नसताना, इथून एकटी पोरगी निवांत चालत जाते. ते कसं, ते सांगते. आत्ता अकरा वाजलेत. बाराला मला काम असतं, तोवर होईल सांगून.

मला बायजाबाई म्हणतात. आजी नका म्हणू, मावशी म्हणा. आजी म्हणून घ्यायला घरात नातवंडं लागतात, माझी तिकडं लांब आहेत. बालवाडीत एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून तुमच्याशी असं पुस्तकातलं बोलते. आणि हे मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. किती पिढ्या झाल्या कोण मोजतंय!

तर तेव्हा इथं राई नव्हती म्हणे. गावाला परकोट होता, त्याच्या वेशीबाहेर ही विहीर, आणि वेशीपासून विहिरीपर्यंत उघडा माळ. वऱ्हाडातलं ऊन तुम्ही आत्ता अनुभवताच आहात, तेव्हा तर डोक्यावर धरायला पान नव्हतं. सुपडा नावाचा एक कावडी होता. विहिरीतून पाणी भरायचं, कावड खांद्यावर घ्यायची आणि गावात घरोघर पोचवायचं, हा त्याचा धंदा. त्याचा एक नेम होता, भरलेल्या कावडीतलं पाणी आपण प्यायचं नाही. ते ज्याचं त्याच्या घरी गेलं की मग आपली ओंजळ. एका वैशाखात हा नेमाचा माणूस माळाच्या मधोमध बसला तो उठलाच नाही. दोन्ही घागरी भरलेल्या, आणि माणूस उन्हानं, तहानेनं गेला.

त्याची बायको कवतिका. पोरबाळ नव्हतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तिनं तिथंच उभं राहून सांगितलं म्हणे, की माझ्या माणसाला जिथं सावली मिळाली नाही, तिथं मी सावली करीन, या माळावर परत कोणी उन्हानं मरणार नाही. मग कावळा शिवला, असं सांगतात. शिवला असेल किंवा नसेल, पण बाईनं खरंच दुसऱ्या पावसाळ्यात पहिलं निंबाचं रोप लावलं. सुपड्याची कावड तिनं आपल्या खांद्यावर घेतली. सकाळी गावाचं पाणी, दुपारनंतर झाडांचं. एक झाड जगलं की पुढचं. शेळ्यांनी खाल्लं की परत. अकरा झाडं उभी करायला तिची तीस वर्षं गेली. अकरावं अगदी विहिरीला लागून, ते बघा, तुमच्या पाठीशी आहे ते. आज त्याला दोघांची मिठी पुरत नाही, पण तेव्हा ते तिच्या मांडीएवढं होतं.

सावली झाली तशी माणसं आली. परकोटाबाहेर राईच्या भोवती एकेक करून अकरा घरं उठली, त्याची ही पेठ, निंबपुरा. घरं बांधली तेव्हा प्रत्येकाची राईकडे खिडकी होती. निंबाचा वारा कोणाला नको असतो? कवतिका तिथंच, विहिरीजवळ खोपटं घालून राहायची. पोराला गोवर आला की लोक तिच्याकडं पाला मागायला यायचे. उन्हाळ्यात खाटा राईत यायच्या.

मग झाडं दाटली. फांद्या पार जमिनीपर्यंत लोंबायला लागल्या, खाली रानटी झुडपं माजली. एका दुपारी कोणा बाईच्या कानातलं ओढून नेलं. कान फाटला, पण ओढणारा दिसला नाही. पुढं एकीची घागर गेली. एका वाटसरूला मारून त्याचं गाठोडं नेलं. दिवसाढवळ्या, आणि अकरा घरांतून कोणाला काही दिसलं नाही, कारण दिसायला मधला पाला आड. आता आपल्याकडची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. चोर दिसला नाही की त्याचं भूत होतं. राईत मुंजा आहे, तो भर दुपारी हाका मारतो, असं एकानं म्हटलं आणि दहा जणांनी ऐकलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. एका घरानं राईकडची खिडकी विटांनी बुजवून टाकली. मग शेजारच्यानं. वर्षभरात अकराच्या अकरा खिडक्या बुजल्या आणि सगळ्या पेठेनं राईकडं पाठ केली. त्यानं काय झालं? चोरांना आणखी रान मोकळं झालं. आधी निदान एखादा डोळा तिकडं असायचा, आता तोही नाही.

आणि एक शास्त्र पाळायला लागले. शास्त्र कसलं, भीतीच ती. भर दुपारी राईतून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारायची त्याला मुभा नसते. तिसरी हाक आली तर ते माणूस. पहिल्या हाकेला जो ओ देतो, त्याचं आयुष्य हाक मारणारा घेऊन जातो. हे पेठेतल्या लहान पोरालाही पाठ होतं. आता तुम्ही हसताय, पण तुमच्यापैकी कोणी मांजर आडवं गेल्यावर थांबलेलं नाही का? मग हसू नका.

सगळ्यात जास्त हाल झाले ते कवतिकेचे. ती राईत राहायची, म्हणजे तीही त्यातलीच झाली. गरज सरो, वैद्य मरो. रोज सकाळी कावड घेऊन घरांच्या पाठभिंतींवरून जाताना ती सवयीनं म्हणायची, "चालली वो." पूर्वी कुठल्या तरी खिडकीतून "हाव, जाय" असं यायचं. आता समोर विटा. तरी ती म्हणायची. भिंतीला म्हणायची म्हणा ना. माझी सासू हे सांगताना इथं थांबायची. म्हणायची, बायजा, माणूस उपाशी राहू शकतं, पण रोज बोललेल्या शब्दाला उत्तर नाही, हे फार वाईट. मला तेव्हा नवी नवरी म्हणून ते कळलं नव्हतं. आता कळतं.

आता ऐका. विहिरीला सगळ्यात जवळचं घर होतं गिरजाचं. मी राहते ना, त्या इमारतीचा तळमजला, त्याच जागी. घरात गिरजा, तिची सासू आणि येसू नावाची नऊ वर्षांची पोर. नवरा गाडी घेऊन बाहेरगावी जायचा. ज्येष्ठाचा महिना होता, पाऊस लांबलेला, निंबोळ्या पिकून पडत होत्या. येसू जेवण झाल्यावर मागच्या गल्लीत मावशीकडं सागरगोटे खेळायला जाते म्हणून गेली. गिरजाच्या मनाला तेवढं पुरलं. पोर गेली ती मावशीकडं न जाता निंबोळ्या वेचायला राईत. ओच्यात निंबोळ्या घेऊन वाकली असेल, विहिरीला तेव्हा कठडा नव्हता, गेली आत.

पाणी तळाला गेलं होतं, खाली कंबरभर गाळ. पडली पण मेली नाही, गाळात रुतायला लागली. आवाज ऐकून कवतिका धावत आली. तिनं पाण्याचा दोर खाली सोडला, पोरीला काखेखालून बांधून घ्यायला सांगितलं. पोर शहाणी, तिनं बांधून घेतलं. कवतिकेनं ओढून पाहिलं. साठीच्या पुढची बाई, गाळानं धरलेली पोर, कुठून येणार? तिनं दोराच्या वरच्या टोकाचा त्या धाकट्या, अकराव्या झाडाला एक वेढा दिला. गाठ मारायला गेली तर दोर चार बोटं कमी पडला. गाठ बसत नाही म्हटल्यावर टोक हातात धरून बसून राहणं एवढंच उरलं. ती झाडाशी बसली, पाय दगडाला टेकवले आणि हाक मारली.

"कोनी हाय का वो?"

गिरजाच्या घरात दोघी सासूसुना भुईवर पडल्या होत्या. दोघींनी ऐकलं. पेठेत सगळ्यांनी ऐकलं. सासूनं एक बोट दुमडलं. सगळीकडं एकदम शांत झालं, कुठंतरी भांडं वाजत होतं तेही थांबलं. थोड्या वेळानं दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा मोठी. गिरजा अर्धवट उठून बसली. सासूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"तिसरी येऊ दे, मंग जाय."

असं सांगतात की त्या वेळी अकरा घरांत माणसं अशीच बसली होती. तिसरी येऊ दे. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. तिसरी आली असती तर झाडून सगळे धावले असते, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. आणि कवतिकेलाही शास्त्र ठाऊक होतंच ना! अजून एक हाक मारली की दारं उघडणार, हे तिला माहीत होतं. पण हाताला घाम सुटला होता, तळवे सोलून निघाले होते, दोर सरकत होता. हात पुरेनात, तेव्हा तिनं ते टोक दातांत धरलं. आता तिसरी हाक मारायची तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडलं तर दोर जातो. तिनं तोंड मिटून ठेवलं.

तिसरी हाक आलीच नाही. सासू म्हणाली, पाहिलंस, नव्हतंच माणूस. गिरजा परत आडवी झाली. तिला म्हणे झोपही लागली. ही झोप तिनं पुढं स्वतःला कधी माफ केली नाही.

उन्हं कलल्यावर बायका अंगणात पाणी शिंपायला बाहेर आल्या, तेव्हा मावशी सहज विचारत आली, आज येसू कशी आली नाही खेळायला? मग शोध. पुढची गल्ली झाली, वेस झाली, देऊळ झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. राईत जायचं नाव कोणी काढेना. शेवटी गिरजाच गेली.

कवतिका झाडाला टेकून बसलेली होती. पाय दगडाला तसेच. धाकटं झाड, त्याची सावली ती केवढी, आणि तीही सूर्याबरोबर बाजूला सरकून गेलेली. सगळी दुपार बाई उन्हात बसली होती. ज्या माळावर परत कोणी उन्हानं मरायचं नाही म्हणून तीस वर्षं पाणी वाहिलं, तिथंच ती उन्हानं मेली. पण दातखीळ बसली होती आणि दोर दातांत होता. चार गड्यांनी आधी पोर वर काढली, मग तो दोर सोडवायला गेले, तर सुटेना. शेवटी दोर कापला आणि तेवढा तुकडा तिच्याबरोबरच दिला.

येसू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईनं भात कालवून पुढं केला, तेव्हा आपणहून बोलली. कवतिकाआजीनं दोनदा हाक मारली, मी मोजत होते, म्हणाली. मग दोर ताठ झाला, मग काहीच नाही. गिरजानं विचारलं, भ्यालीस का गं? पोरीनं जे सांगितलं ते आमच्या पेठेत प्रत्येक सुनेला पहिल्या दिवशी सांगतात.

"मले वाटलं, वर कोनीच राह्यत नाही."

अकरा घरं. साठसत्तर माणसं. आणि पोर विहिरीत बसून विचार करते की वर कोणी राहतच नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाराला गिरजानं पहार घेतली आणि आपली बुजवलेली खिडकी फोडली. सासू आडवी आली, तिला बाजूला केलं. विटा बाहेर पडल्या, राई समोर दिसायला लागली. गिरजा खिडकीशी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इथून पुढं राईतून हाक आली, तं पहिली ओ माही. माहं आयुष्य जाईल तं जाऊ द्या. दुसरी ज्याची त्यानं पाहावी."

लोकांना वाटलं, दुःखाचा झटका आहे, जाईल. नाही गेला. रोज बारा ते तीन ती खिडकीत. पण हाक मारायला आता राईत येतं कोण? आधी मुंजा होता, आता कवतिका. लोक वेशीकडून लांबचा वळसा घालून जायला लागले. राई ओस पडली. फांदी करकरली तरी गिरजा ओ द्यायची. होला घुमला तरी ओ. कधीकधी काहीच वाजायचं नाही तरी ओ. सासूनं बोलणं टाकलं, नवऱ्यानं बाहेरगावच्या खेपा वाढवल्या. पेठेतल्या पोरांनी तिची नक्कल करायला सुरुवात केली, पाठीमागून ओ करून पळायची. तीन उन्हाळे असे गेले म्हणे. तीन वर्षं एकटी बाई रिकाम्या राईला उत्तर देत बसली. मला विचाराल तर यात देवाचा चमत्कार कुठं नाही, पण चमत्कारापेक्षा हे अवघड आहे. मी एवढ्याशा गोष्टीवर तिसऱ्या दिवशी कंटाळते.

चौथ्या उन्हाळ्यात एक कासारीण आली. परगावची, तिला राईचं काय माहीत? सावली दिसली, टोपली घेऊन शिरली. झुडपातून दोघे उठले. एकानं टोपली धरली, एकानं तिचा हात. तिनं एकच हाक मारली. दुसरीला तिचं तोंड दाबलं असावं.

"ओ!" गिरजा म्हणाली, आणि उठून थेट राईत चालायला लागली. हातात काही नाही. त्या दोघांनी पाहिलं, एकटी बाई येते आहे. ते काही हलले नाहीत. एक जण तर हसला म्हणतात. गिरजाही थांबली नाही. ती मध्यावर पोचली असेल, तेवढ्यात तिच्या मागून, तिच्याच घराच्या खिडकीतून दुसरी ओ आली. म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात. सासूची.

सासूला पुढं लोकांनी विचारलं, तुम्ही कशी दिलीत? तुम्ही तर शास्त्राच्या. ती म्हणाली, पहिल्या ओ देणाऱ्याचं आयुष्य जातं, आणि पहिली तर सुनेनं दिली होती. दुसरीला कसली भीती? असं ती म्हणाली खरं. पण मला वाटतं, त्या गुडघ्यावर ठेवलेल्या हातानं तिला तीन वर्षं झोपू दिलं नसणार. काही का असेना, दुसरी ओ गेली, आणि दुसरीच्या मागं तिसरीला तर काहीच भीती नव्हती. पलीकडच्या घरातून आली. मग त्याच्या पलीकडच्या. खिडक्या नव्हत्या, तर माणसं परसदारातून, भिंतीआडून, छपरावर चढून ओ द्यायला लागली. चारी बाजूंनी अकरा घरांच्या ओ. दोघांना कळेना किती माणसं आहेत आणि कुठून येताहेत. टोपली टाकून पळाले. बांगड्या फुटल्या थोड्या, पण बाईला ओरखडासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात सगळ्या खिडक्या उघडल्या. ज्याच्या त्याच्या विटा ज्यानं त्यानं डोक्यावरून आणून इथं टाकल्या आणि विहिरीला कठडा बांधला. म्हणून या अकरा तऱ्हा. बैल गेला आणि झोपा केला, असं गिरजाची सासू बांधतानाच म्हणाली होती म्हणे, पण विटा तिनंही वाहिल्या. झुडपं काढली. निंबांच्या खालच्या फांद्या, उभ्या माणसाचा वर केलेला हात पोचेल तिथपर्यंत छाटल्या, म्हणजे कुठल्याही खिडकीतून पलीकडची खिडकी दिसावी. अजूनही दरवर्षी तेवढ्याच छाटतो. महापालिकेच्या माळ्याला तेवढंच एक काम आम्ही शिकवलं आहे. गिरजाचं म्हणाल तर तिचं आयुष्य काही गेलं नाही. नव्वदी गाठली. येसूचं लग्न याच पेठेत झालं.

हे झालं. आता माझं थोडं.

या घरात मी सून म्हणून आले, तेव्हापासून पहिली ओ माझ्याकडं आहे. तेव्हा विहिरीवरून रोजची बाराची हाक गेली की पेठेतून येणाऱ्या ओ मोजता यायच्या नाहीत. आता घरं गेली, इमारती आल्या. माणसं दहापट झाली, पण काचा लावून, एसी लावून आत असतात. मी मोजते. बऱ्या दिवशी सात येतात, नाहीतर पाच. एकदा दोनच आल्या होत्या, त्या दिवशी मी जेवले नाही. मुलगा म्हणतो, आई, इकडं आमच्याकडं ये, काय त्या खोलीत एकटी बसतेस. मी जाते, आठ दिवसांत परत येते. तिथं फ्लॅट छान आहे, पण तिथं बाराला काही होत नाही.

गेल्या चैत्रात न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुबा गेला. दार आतून लावलेलं. दुपारचे दोन असतील. पडल्या पडल्या पहिला विचार आला तो असा, की या घरातून हाक गेली तर पहिली ओ द्यायला आता कोण आहे? पहिली ओ आमच्या घराची, आणि घरात मी एकटी, न्हाणीत पडलेली. हसू आलं बघा. मग रडू आलं. शेवटी मारली हाक. एकदाच मारली, दुसरीला जीव नव्हता. तशीच पडून होते, आणि मला येसूसारखंच वाटायला लागलं, की वर कोणीच राहत नाही.

आणि तिसऱ्या मजल्यावरून ओ आली. तिथं एक नर्स भाड्यानं राहते, मिनती नावाची, ओडिशाकडची. रात्रपाळी करून दुपारी झोपलेली असते बिचारी. तिला मराठी येत नव्हतं. पण चार महिने रोज बाराला झोपमोड होत होती, तेवढ्यात तिला एक शब्द आला होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं की पहिली ओ कोणाची, आणि पहिल्या ओ देणाऱ्याचं काय होतं. तिनं देऊन टाकली आणि अनवाणी खाली आली. तिच्या मागून मग बाकीच्या आल्या. मी फरशीवर पडून मोजल्या. नऊ.

तेव्हापासून ती मला मावशी म्हणते. म्हणून तुम्हीही मावशी म्हणा म्हटलं.

चला, बारा वाजत आले. आजही, पाऊस असो की ऊन, बाराला एक जण विहिरीशी जातो, कठड्यावर हात ठेवतो आणि खाली तोंड करून हाक मारतो. खाली का, तर तिथं कोणी असलं तर त्याला कळावं की वर माणसं राहतात. आजची पाळी ज्यांची, ते लग्नाला गेलेत. नेहमी अशा वेळी मीच जाते, पण मग पहिली ओ द्यायला खिडकीत कोणी उरत नाही, आणि मिनतीला आज जरा झोपू दे म्हणते मी. तेव्हा पोरी, तू जा. तो कागद ठेव इथं. या मातकट विटांवर हात ठेव, त्या आमच्या घरच्या आहेत. हाक एकदाच मार, परत मारू नकोस. दोन कवतिकेनं मारून ठेवल्यात.

मी खिडकीत जाऊन बसते. मी बसले की मग मार.